ट्रॅफिकिंगच्या ट्रेनिंगची सुरुवात शेवटापासून करा

मानवी तस्करीवर स्टाफला ट्रेनिंग द्यायचं ठरलं की बहुतेक ठिकाणी काय होतं, कुणीतरी नेटवरून लक्षणांची यादी काढतं, साखळीने बांधलेल्या हातांचा एक फोटो लावून स्लाइड्स बनवतं, दोन तासांत सगळं उरकतं आणि जाताना प्रत्येकाच्या हातात सर्टिफिकेट. मग काही महिन्यांनी खरंच एखादी मुलगी समोर येऊन बसते, नर्सला शंका येते, नर्स विचारते, मुलगी धीर करून "हो" म्हणते, आणि आता पुढे काय करायचं हे तिथल्या एकालाही माहीत नसतं. हेल्पलाइन लावली तर उचलत नाहीत, शेल्टर म्हणतं आज जागा नाही, साहेब म्हणतात उद्या बघू. ती ज्याच्याबरोबर आली त्याच्याबरोबरच परत जाते, आणि एव्हाना त्याला कळलेलं असतं की ही आत काहीतरी बोललीये. म्हणजे आपण विचारलंच नसतं तर ती जेवढी सुरक्षित होती तेवढीसुद्धा आता राहिली नाही.

म्हणून हॉस्पिटल, शाळा, समुपदेशन केंद्र, कायदा मदत केंद्र, कुठल्याही टीमसाठी असं ट्रेनिंग लावणार असाल तर माझं म्हणणं एकच आहे, उलटं चाला. ती "हो" म्हणाली तर आज रात्री ती झोपणार कुठे, याचं उत्तर आधी तयार ठेवा आणि मग ओळखायचं कसं ते शिकवा. हे काही माझ्या डोक्यातून आलेलं नाही, जागतिक आरोग्य संघटनेने २००३ मध्ये तस्करीतून गेलेल्या बायकांशी बोलताना पाळायची दहा तत्त्वं काढली होती, त्यात पहिलं आहे इजा करू नका, आणि तिसऱ्याच नंबरवर आहे की मदतीचे पत्ते आधी तयार ठेवा आणि पाळता येणार नाहीत अशी आश्वासनं देऊ नका.

ट्रेनिंगच्या आधीचं काम

एक कागद घ्या आणि त्यावर लिहा, राहायची सोय, डॉक्टर, वकील, दुभाषा, पोलिसांतला या विषयाचा माणूस, मुलांसाठीची यंत्रणा, मानसोपचार. प्रत्येकापुढे नाव आणि नंबर. आता तो प्रत्येक नंबर स्वतः लावून बघा, आणि एकदा रात्री अकरानंतरही लावून बघा. यातून जे कळतं ते कुठल्याच स्लाइडमध्ये नसतं. शेल्टर फक्त बायकांना घेतं, मग पुरुष आला तर? तिच्याबरोबर तेरा वर्षांचा मुलगा असेल तर घेतात का? व्यसन असेल, गर्भवती असेल, व्हिसा नसेल, ट्रान्स व्यक्ती असेल, तर? सोळा-सतरा वर्षांची असेल तर कुणाला कळवणं कायद्याने बंधनकारक आहे? यातल्या ज्या प्रश्नांना उत्तर नाही तिथे तसं स्पष्ट लिहून ठेवा, की ही सोय आपल्याकडे नाही, पर्याय हा. हा कागद पूर्ण झाल्याशिवाय ट्रेनिंगची तारीख ठरवू नका, कितीही वरून दट्ट्या आला तरी. आणि हा कागद दर तीन-चार महिन्यांनी परत तपासायचं काम एका माणसाच्या नावावर टाका, सगळ्यांचं म्हणून ठेवलं की ते कुणाचंच राहत नाही.

व्याख्या थोडक्यात पण नीट

व्याख्येवर तासभर घालवू नका पण गाळूही नका, कारण निम्मे गैरसमज इथेच असतात. संयुक्त राष्ट्रांचा पालेर्मो प्रोटोकॉल, म्हणजे तस्करीविरुद्धचा आंतरराष्ट्रीय करार, २००० मध्ये मंजूर झाला आणि २००३ च्या डिसेंबरपासून लागू झाला, त्यात तीन गोष्टी बघतात. कृती, म्हणजे माणसाला भरती करणं, नेणं, ठेवून घेणं वगैरे. साधन, म्हणजे जबरदस्ती, धमकी, फसवणूक, किंवा समोरच्याच्या अडचणीचा फायदा उठवणं. आणि हेतू, म्हणजे शोषण. मोठ्या माणसाच्या बाबतीत तिन्ही लागतात, १८ वर्षांखालच्या मुलांच्या बाबतीत साधन सिद्ध करायची गरजच नाही. साधन वापरलं गेलं असेल तर "पण ती स्वतःहून तयार झाली होती ना" याला काही अर्थ उरत नाही, हे वाक्य ट्रेनिंगमध्ये दोनदा तरी म्हणा, कारण तोच प्रश्न दहादा येणार आहे. सरहद्द ओलांडलेली असायला पाहिजे असंही काही नाही, माणूस स्वतःच्या गावात, स्वतःच्या घरात राहूनही तस्करीत असू शकतो. पैसे घेऊन कुणाला चोरून सरहद्दीपार सोडणं हा वेगळा गुन्हा, तो तिथे पोचल्यावर संपतो, तस्करीत खरी गोष्ट पोचल्यावर सुरू होते. अर्थात पहिल्याचं दुसऱ्यात रूपांतर वाटेत कधीही होऊ शकतं.

दुसरा गैरसमज म्हणजे हे सगळं फक्त देहविक्रीबद्दल आहे. आंतरराष्ट्रीय श्रम संघटना आणि तिच्या सहकारी संस्थांनी २०२२ मध्ये अंदाज दिला होता, २०२१ साली जगात साधारण २ कोटी ७६ लाख माणसं सक्तीच्या श्रमात होती, त्यातली ६३ लाख लैंगिक शोषणाच्या धंद्यात आणि १ कोटी ७३ लाख खाजगी क्षेत्रातल्या बाकीच्या कामांत, म्हणजे घरकाम, बांधकाम, शेती, कारखाने, मासेमारीच्या बोटी. सक्तीचा प्रत्येक श्रम म्हणजे तस्करीच असं नाही, पण अंदाज घ्यायला हा आकडा पुरे. आता तर लोकांना नोकरीच्या जाहिरातीने बोलावून कंपाउंडमध्ये डांबतात आणि त्यांच्याकडून ऑनलाइन फ्रॉड करून घेतात. असा मुलगा तुमच्यासमोर येतो तेव्हा तो पीडित म्हणून येतच नाही, आरोपी म्हणून येतो. ट्रेनिंगमधल्या केसेस निवडताना हे लक्षात ठेवा, सगळ्या गोष्टी तरुण मुलींच्याच ठेवल्या तर तुमचा स्टाफ पाठदुखी घेऊन आलेल्या चाळिशीतल्या गवंड्याकडे बघणारच नाही.

खुणा शिकवा, पण सांभाळून

श्रम संघटनेची सक्तीच्या श्रमाच्या ११ खुणांची यादी आहे, ती चांगली आहे, तीच वापरा, नवीन यादी बनवत बसू नका. अगतिकतेचा गैरफायदा, फसवणूक, हालचालीवर बंधनं, एकटं पाडणं, मारहाण आणि लैंगिक हिंसा, धमक्या, कागदपत्रं काढून घेणं, पगार अडवणं, कर्जात अडकवणं, राहण्या-कामाची वाईट अवस्था, अति ओव्हरटाइम. पण शितावरून भाताची परीक्षा इथे करायची नाही. पासपोर्ट मालकाकडे आहे एवढ्यावरून काही ठरत नाही, पासपोर्ट मालकाकडे, पगार मिळतो कधी ते सांगता येत नाही, भाषा येत नाही आणि प्रत्येक उत्तराआधी दाराकडे बघतो, हे सगळं एकत्र आलं की थांबून विचारायचं. यादी पाठ करून गेलेला माणूस एक तर सगळीकडे तस्करी बघायला लागतो, विशेषतः परक्या भाषेच्या, गरीब, वेगळ्या दिसणाऱ्या लोकांत, नाहीतर यादीतली एक खूण जुळली नाही म्हणून समोरची केस सोडून देतो. दोन्हीही वाईटच.

त्यापेक्षा तुमच्या टीमच्या रोजच्या कामात ही गोष्ट कशी दिसेल ते त्यांच्याकडूनच काढून घ्या. दंतवैद्याला वर्षानुवर्षं न बघितलेले किडलेले दात दिसतील, फिजिओला एकाच हालचालीने झिजलेला खांदा दिसेल, शिक्षकाला हातात अचानक आलेला महागडा फोन आणि सोमवारची गैरहजेरी दिसेल, वकिलाला असं कर्ज दिसेल जे दर महिन्याला फेडूनही वाढतच चाललंय. आणि संधी येते, येत नाही असं नाही. अमेरिकेत २०१४ मध्ये छापून आलेल्या एका अभ्यासात लैंगिक तस्करीतून बाहेर पडलेल्या बायकामुलींशी बोलले होते, त्यातल्या जवळपास ८८ टक्के जणी त्या काळात कुठल्या ना कुठल्या डॉक्टर-दवाखान्यापर्यंत पोचल्या होत्या. म्हणजे त्या कुणाच्या तरी समोर बसल्या, तपासून घेतलं, आणि उठून परत गेल्या.

बरोबरच्या माणसाला बाहेर कसं काढायचं

यावर ट्रेनिंगचा सगळ्यात जास्त वेळ घालवा, अगदी अर्धा दिवस गेला तरी चालेल. तिघांचा रोल-प्ले लावा. एक नर्स, एक पेशंट, एक "नातेवाईक". नर्स विचारते, "कधीपासून दुखतंय?" नातेवाईक म्हणतो, "चार दिवस झाले मॅडम, पडली ती." नर्स परत पेशंटकडे बघून विचारते, पेशंट आधी त्याच्याकडे बघते, मग मान हलवते. इथे ट्रेनरने थांबवायचं आणि नर्सला विचारायचं, आता काय? दहातले आठ जण म्हणतात, "मी त्याला म्हणेन की जरा बाहेर थांबता का." तो म्हणणार नाही थांबत, तिला भाषा येत नाही, ती घाबरते, मीच सांगतो सगळं. मग आता?

उत्तर असं की विनंती करायचीच नाही, नियम सांगायचा. "तपासणी आम्ही प्रत्येकाची एकट्यानेच करतो, तुम्ही तोवर काउंटरवर हा फॉर्म भरून द्या." आवाज कंटाळलेला, रोजचा. संशय दिसला की खेळ संपला. आणि हा नियम खरंच सगळ्यांना लागू असला पाहिजे, आजीबरोबर आलेल्या नातवालासुद्धा, नाहीतर दुसऱ्या खेपेला त्या माणसाच्या लक्षात येतं की फक्त आपल्यालाच बाहेर काढलं. एक्स-रे, लघवीची तपासणी, वजन, असं काहीतरी निमित्त असतंच जिथे फक्त पेशंट जाते. तरीही तो हललाच नाही तर ओढाताण करायची नाही, त्याच्यासमोर एकही वेडावाकडा प्रश्न विचारायचा नाही, उपचार करायचे आणि "चार दिवसांनी ड्रेसिंगला यावंच लागेल" म्हणून परत बोलवायचं. आणि दुभाषा म्हणून बरोबरच्या माणसाला कधीच घ्यायचं नाही, त्याच छोट्या समाजातल्या ओळखीच्या माणसालाही नाही. फोनवरचा दुभाषा घेतलात तर त्याला पेशंटचं नाव सांगू नका.

विचारायचं कसं

"तुमची तस्करी झालीये का?" याला कुणीही हो म्हणत नाही, स्वतःबद्दल असा विचारच बहुतेकांनी केलेला नसतो. त्यांच्या दृष्टीने ते कर्ज फेडतायत, किंवा प्रेमात आहेत, किंवा नशीब खराब आहे. म्हणून प्रश्न साधे, रोजच्या जगण्याचे. झोपता कुठे? त्या खोलीत किती जण? दार बाहेरून लावतात का? कागदपत्रं कुणाकडे असतात? काम सोडायचं म्हटलं तर काय होईल? घरी फोन एकट्याने करता येतो का? ठरला होता तो पगार हातात येतो का? यातले दोन-तीन पुरे, सगळे एका दमात विचारले की पोलिसी चौकशी होते.

पण त्याही आधी एक गोष्ट, आणि ही हमखास विसरली जाते. प्रश्न विचारायच्या आधी सांगायचं की तुम्ही जे सांगाल त्यातलं मी काय स्वतःपुरतं ठेवू शकते आणि काय नाही. मूल धोक्यात असेल तर मला कळवावंच लागतं, असा तुमच्याकडे नियम असेल तर तो तिने तोंड उघडायच्या आधी तिला माहीत पाहिजे, नंतर नाही. तिने सगळं सांगितल्यावर "आता मला हे वर कळवावं लागेल" म्हणणं म्हणजे तिच्या आयुष्यातल्या फसवणुकींत आपण आणखी एक भर घातली. आणि गरजेपुरतंच विचारा. जखमेवर उपचार करायला तिला किती जणांनी काय केलं हे कळायची गरज नसते, ते विचारायचा मोह हा बऱ्याचदा आपल्या कुतूहलाचा असतो.

ती चिडेल, खोटं बोलेल, त्याची बाजू घेईल

स्टाफच्या डोक्यात एक रडणारी, कृतज्ञ, सरळ गोष्ट सांगणारी पीडित असते. प्रत्यक्षात समोरची शिव्या देते, गप्प बसते, आज एक तारीख सांगते उद्या दुसरी, हसत हसत मारहाणीचं सांगते. दीर्घकाळ भीतीत राहिलेल्या मेंदूत आठवणी ओळीने बसत नाहीत, वास आणि आवाज लख्ख आठवतो आणि महिना कुठला ते आठवत नाही, हे पोलिस आणि वकिलांना तर घोटून शिकवायला हवं, कारण जबाबात तफावत दिसली की ते लगेच "खोटी केस" म्हणून मोकळे होतात. शिवाय काही उत्तरं तिला पढवून पाठवलेली असतात. आणि ज्याने छळलं त्याचीच बाजू घेणं, परत त्याच्याकडेच जाणं, हेही होतं. मारणारा आणि मारल्यावर औषध लावणारा एकच माणूस असला आणि बाकी जग तोडलेलं असलं की असा बंध तयार होतो. "एवढं होऊनही परत कशी गेलीस" हे वाक्य तुमच्या टीममधून हद्दपार करा.

कामाला काय येतं? छोटे छोटे निर्णय तिच्या हातात देणं. दार उघडं ठेवू की बंद, कुठल्या खुर्चीत बसायचं, डॉक्टर बाई हवी का, तपासणी मध्येच थांबवायची तर हात वर कर, मी थांबेन. आणि तिने हात वर केला की खरंच थांबायचं. धोका किती आहे याचा तिचा अंदाज आपल्यापेक्षा जवळपास नेहमीच बरोबर असतो, ती म्हणत असेल की आज बाहेर पडले तर गावाकडे माझ्या बहिणीला त्रास देतील, तर ते खरं धरून चालायचं.

नाही म्हणाली तर

मोठ्या माणसाला नाही म्हणायचा हक्क आहे, आणि बहुतेक जण पहिल्या वेळी नाहीच म्हणतात. याला अपयश समजू नका, इथे आपलं काम एवढंच की परत यायचा रस्ता मोकळा राहिला पाहिजे. "ठीक आहे. कधीही वाटलं तर या, मी नसले तरी काउंटरवर अमुक नाव सांगा." नंबर द्यायचा तर चिठ्ठी देताना आधी विचारा, तुमची पर्स, फोन कुणी तपासतं का? तपासत असतील तर पाठ करता येईल असा नंबर द्या, किंवा रक्त तपासणीचा नंबर म्हणून लिहा. घरी नेण्याच्या कागदांवर, डिस्चार्जवर, बिलावर, मेसेजमध्ये तस्करी हा शब्द येता कामा नये, आणि तिच्या फाइलमध्ये तो लिहिला तर ती फाइल ऑनलाइन कोण कोण उघडू शकतं हे आधी आयटीवाल्यांना विचारा. मूल असेल तर मात्र गोष्ट वेगळी, तिथे निर्णय तिच्यावर सोडता येत नाही, बाल संरक्षणाची जी यंत्रणा आहे ती लावावीच लागते. आणि स्वतः हिरोगिरी करून कुणाला "सोडवायला" जायचं नाही, त्या पत्त्यावर गाडी घेऊन तर अजिबात नाही. त्यात तीही मरते आणि बाकीच्या दहा जणी रातोरात दुसरीकडे हलवल्या जातात.

बाहेर पडल्यानंतर

इथे संस्थांचा दम संपतो, कारण सुटकेचे फोटो निघतात, पुढच्या दोन वर्षांचे निघत नाहीत. पहिल्या दिवसांत समुपदेशनापेक्षा झोप, आंघोळ, दातदुखी, स्वतःचा फोन आणि आतून लागणारी कडी जास्त कामाची असते. मग कागदपत्रं, बँक खातं, त्याने तिच्या नावावर काढलेलं कर्ज, तिच्यावर लागलेल्या केसेस. युरोप परिषदेच्या, म्हणजे युरोपातल्या देशांच्या संघटनेच्या, २००५ च्या तस्करीविरोधी करारात दोन चांगल्या तरतुदी आहेत, पीडिताला सावरायला आणि पुढे काय करायचं ते ठरवायला किमान ३० दिवस द्यायचे, आणि तस्करीत असताना जबरदस्तीने करायला लावलेल्या गुन्ह्यांसाठी शिक्षा न देण्याची सोय कायद्यात ठेवायची. तुमचा देश त्या करारात असो नसो, तुमच्या वकिलाला हे माहीत असलं पाहिजे आणि इथल्या कायद्यात याच्या जवळपासचं काय आहे ते त्याने शोधून ठेवलेलं असलं पाहिजे. मदतीला "आधी पोलिसांत जबाब दे" अशी अट घालू नका, जबाब द्यायचा की नाही हे माणूस सावरल्यावर ठरवतो.

तिला तिची गोष्ट प्रत्येक टेबलावर नव्याने सांगायला लागू नये यासाठी एक केसवर्कर ठरवा, तिच्या परवानगीने एक छोटी नोंद करा आणि पुढच्याने ती वाचूनच यायचं. दिसायला किरकोळ गोष्ट आहे, पण पाच खात्यांत पाच वेळा तेच सांगून माणूस सहाव्या ठिकाणी जातच नाही.

ट्रेनर कोण

ज्यांनी हे भोगलंय आणि आता या कामात आहेत अशी माणसं ट्रेनिंग आखतानाच बरोबर घ्या, आखून झाल्यावर शोभेला नाही. त्यांना बाकीच्या ट्रेनरएवढीच फी द्या. आणि त्यांना "तुमची स्टोरी सांगा" म्हणू नका, त्यांना विचारा आमच्या रिसेप्शनवर काय चुकतंय, आमच्या फॉर्ममधला कुठला प्रश्न तुम्ही काढून टाकला असता. अशी माणसं वेटिंग रूममध्ये पाच मिनिटं बसून जे सांगतात ते तज्ञांना महिनाभरात दिसत नाही. एका ट्रेनिंगला असंच सुचवलं गेलं होतं की मदतीची माहिती पोस्टरवर न लावता टॉयलेटच्या दाराच्या आतल्या बाजूला लावा, कारण बरोबरचा माणूस तिथेच काय तो येत नाही.

हॉलमध्येही कुणीतरी असं असणारच ज्याच्यावर स्वतः काही बेतलेलं आहे, म्हणून सुरुवातीलाच सांगा की उठून बाहेर जायची मुभा आहे, कारण सांगावं लागणार नाही. भयंकर व्हिडिओ दाखवू नका, त्याने शिकणं होत नाही, फक्त अंगावर काटा येतो.

ट्रेनिंगनंतर "किती आवडलं" याचा फीडबॅक फॉर्म भरून घेण्यात काही राम नाही. तीन महिन्यांनी न सांगता एक खोटा पेशंट आणि खोटा नातेवाईक पाठवा आणि बघा, तो नातेवाईक आत येतो का. रात्रपाळीच्या वॉचमनला आणि रिसेप्शनिस्टला विचारा, कुणाला बोलवायचं ते माहीत आहे का, कारण डॉक्टरच्या आधी पेशंट त्यांच्यासमोर उभी असते आणि ट्रेनिंगच्या यादीत त्यांचं नाव हमखास नसतं. स्टाफ बदलतो, म्हणून सहा महिन्यांनी छोटा रिफ्रेशर ठेवा, एक तासाचा, त्यात फक्त रोल-प्ले. आणि ज्यांनी खरी केस हाताळली त्यांना त्याच आठवड्यात कुणाशी तरी नीट बोलायची सोय ठेवा, ऑफिसच्या वेळेत, पगारी. हे ऐकून घेणाऱ्यालाही झोप लागत नाही, चिडचिड होते, आणि मग एक तर तो केसमध्ये नको इतका गुंततो नाहीतर पुढच्या वेळी शंका आली तरी विचारतच नाही.